चिखलात रुतायचा सीन खोटा दिसायलाय, काय चुकतंय?

सोलापूरचा_कॅमेरा

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण मिळून एक शॉर्टफिल्म करायलोय, सगळे सोलापूरचेच, कोण नोकरीला हाय कोण अजून कॉलेजात. गोष्ट उजनी धरणाच्या बॅकवॉटरवरची. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, करमाळ्याच्या बाजूला मैलभर गाळ उघडा पडतो, त्यात एक पोरगा हरवलेली म्हैस बघायला जातो आणि रुततो. फिल्म अठरा मिनिटांची आणि त्यातली सहा मिनिटं नुसता हाच सीन, म्हणजे हा पडला तर सगळी फिल्म पडली.

परवा टेस्ट केली. मित्राच्या रानात साडेतीन फूट खड्डा काढला, ताडपत्री अंथरली, टँकरचं पाणी सोडलं आणि रानातलीच काळी माती कालवली. ॲक्टर मधे उभा राहिला आणि हळूहळू गुडघे वाकवत खाली गेला, हात वर करून ओरडला, सगळं ठरल्याप्रमाणं केलं. घरी येऊन लॅपटॉपवर बघितलं तर सरळ दिसायलंय की माणूस हौदात बसायलाय. त्यानं हात हलवला की चिखलावर लाटा उठतात, शर्ट फुग्यासारखा वर येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बघताना भीतीच वाटत नाही. ॲक्टर चांगला हाय, नाटकातला हाय, त्याची चूक नाही. माझंच काहीतरी चुकायलंय पण नेमकं काय ते सापडंना. ज्यांनी असलं काम केलंय किंवा खरोखर गाळ बघितलाय त्यांनी सांगा. व्हीएफएक्सचं बजेट नाही, जे करायचं ते मातीतच करायचंय.

गाळपेर

मालक, मी त्याच पट्ट्यातला. आमची चार एकर गाळपेर जमीन हाय, पाणी उतरलं की पेरायची, चढलं की सोडायची. पाणी मागं सरायला लागलं की मोटारी आन् पाईप पाण्यामागं पुढं सरकवावे लागतात, त्या कामात मी स्वतः एकदा मांडीपर्यंत रुतलोय, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, गाळ वरून चिखल दिसतच नाही. वर पापडी असती, उन्हानं तडकलेली, ताटाएवढाले तुकडे, कडा वर वळलेल्या. चालताना वाटतं वाळलंय सगळं. मी पन्नासेक पावलं तसाच गेलो. मग एक तुकडा पायाखाली तिरका झाला, जसा कढईतला पापड एका बाजूनं दाबला की दुसरी बाजू उठती तसा, आन् पाय गुडघ्यापर्यंत आत. आवाज काही नाही, नुसतं लोण्यात बोट घातल्यासारखं. आता माणूस काय करतो, तो पाय काढायला दुसऱ्या पायावर जोर देतो, आन् दुसरा त्याच्यापेक्षा खोल जातो. इथं खरा घोटाळा होतो. तुमच्या ॲक्टरचे दोन्ही पाय बरोबरीनं खाली गेले असतील तर तिथंच खोटं दिसलं. दोन पाय कधी सारखे जात नाहीत, माणूस वाकडा होतो, एक खांदा खाली एक वर, आन् कंबर पिरगळती.

दुसरं, ओरडला म्हणालात. आधी कोण ओरडत नाही हो. आधी भीती वाटतच नाही, राग येतो. चप्पल अडकली ह्याचा राग, काम खोळंबलं ह्याचा राग. मी तर आधी चप्पल सोडवायच्या नादात होतो, बोटांनी पट्टा धरून. दोन-तीनदा जोर लावला आन् पाय एक इंच पण वर आला नाही, तेव्हा पोटात कालवलं. तिथून भीती. आन् भीती आली की मी गप झालो, श्वाससुद्धा धरून धरून घ्यायला लागलो, जणू श्वास घेतला तर अजून जाईन.

अजून दोन खुणा सांगतो. वर ऊन भाजतंय आन् मांडीपासून खाली गार, विहिरीच्या पाण्यासारखं गार. आणि पाय हलवला की खालून बुडबुडा येतो, सडक्या अंड्यासारखा वास. वास कॅमेऱ्यात येत नाही पण तोंड फिरवतो ना माणूस, ते येतं.

चुलत्यानं लांबनंच ओरडून सांगितलं, ओढू नको, आडवा हो. त्यानं पीव्हीसीचे दोन पाईप सरकवले, त्यावर मी छाती टाकली आन् टाच नुसती मागं-पुढं, मागं-पुढं हलवत राहिलो, बाजूनं पाणी आत शिरंपर्यंत. पाऊण तास लागला. चप्पल अजून तिथंच हाय.

मातीवाले_मास्तर

गाळपेर, फार नेमकं लिहिलंत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे, घर जुळे सोलापुरात. तुमच्या चुलत्यांनी सांगितलं त्यामागचं कारण लिहितो, कारण ते समजलं की सीन आपोआप सुधारेल असं मला वाटतं.

सिनेमात माणूस डोक्यापर्यंत गिळला जातो तसं ओल्या चिखलात सहसा होत नाही. माणसाच्या शरीराची घनता साधारण पाण्याएवढी, आणि पाणी मुरलेली वाळू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. त्यामुळे शरीर अर्ध्यावर तरंगतं. २००५ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातले डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी इराणमधल्या वाळूचा अभ्यास करून नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात निबंध छापला होता, त्यात हेच दाखवलं की माणूस कमरेच्या आसपास थांबतो. आपला गाळ वाळूपेक्षा हलका असतो, त्यात छातीपर्यंत जाऊ शकेल, पण तिथेही तरंगणारच.

मग भीती कशाची? तर अडकण्याची. त्याच निबंधात आहे की अशा वाळूतून पाय सेकंदाला एक सेंटीमीटर ह्या वेगाने ओढून काढायचा म्हटला तर मध्यम आकाराची मोटारगाडी उचलायला लागेल एवढा जोर लागतो. हालचालीने ती वाळू क्षणभर पातळ होते, मग जड भाग खाली बसतो आणि पायाभोवती आवळतो. आपल्या गाळाची तऱ्हा थोडी वेगळी, पण एक भाग सारखाच आहे, पाय वर उचलला की खाली पोकळी व्हायला पाहिजे आणि तिथे हवा जायला वाटच नसते. तळपाय साधारण दीडशे चौरस सेंटीमीटरचा धरा, हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो, म्हणजे एका पायावर दीडशे किलोपर्यंत ओढ येऊ शकते, आणि वर मातीचा चिकटपणा वेगळा. टाच हळू हलवून पाणी आत घेतलं की ही पोकळी भरते आणि पाय सुटतो. चुलत्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं पण शंभर टक्के बरोबर सांगितलं.

म्हणून कॅमेरावाल्या मित्रा, मला असं वाटतं की तुम्ही बुडणं दाखवताय, आणि दाखवायला हवं धरलं जाणं. प्रेक्षकाने खाली जाणारं डोकं बघू नये, वर न येणारा पाय बघावा. आपल्याकडे कर्णाच्या रथाचं चाक धरणीने धरलं म्हणतात, रथ बुडाला असं कोणी म्हणत नाही. तो चाक दोन्ही हातांनी धरून उचलायला बघतो आणि ते हलत नाही, हजारो वर्षं लोकांच्या अंगावर काटा येतोय तो त्या न हलण्याने.

तुमच्या चिखलावर लाटा उठल्या कारण तो पाणीच होता. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, म्हणून तर आपल्याकडे पावसाळ्यात घरांच्या भिंतींना चिरा जातात. पण हे पाणी शिरायला वेळ लागतो. सकाळी कालवून दुपारी शूट केलंत तर खाली ढेकळं आणि वर गढूळ पाणी एवढंच मिळणार. निदान दोन दिवस भिजू द्या, रोज तुडवा.

सोलापूरचा_कॅमेरा

बाप रे, मास्तर, गाळपेरदादा, एवढ्यात सगळा सीन डोक्यात उलटा झाला. धरलं जाणं, हे लिहून भिंतीला लावलं. पण एक अडचण, गोष्टीत पोरगा शेवटी जातो. गाळ मारतच नसेल तर तो मरणार कसा? खोटं दाखवायचं नाही.

गाळपेर

त्यात काय अवघड. गाळ धरतो, मारतं पाणी. जूनच्या शेवटाला, जुलैला पुण्याकडची धरणं भरायला लागली की वरनं पाणी सोडतात, दौंडचा विसर्ग वाढला अशी बातमी येती, आन् आमच्याकडं पाणी चढायला लागतं. आपल्याकडं पावसाचा थेंब नसतो, आभाळ कोरडं, आन् पाणी चढत असतं. धावत नाही, सरकतं. आधी भेगांमधून ओल वर येती, पापडीचा रंग पालटतो, राखाडीची काळी होती. मग भेगेत चकाकी दिसती. आम्ही मोटारी मागं ओढायला पळतो तेव्हा हेच बघत असतो. तुमचा पोरगा कमरेपर्यंत अडकलाय आन् त्याला समोरची भेग ओली झालेली दिसली, बास, पुढचं काही दाखवायची गरजच नाही.

सेटवरची_माती

मी बारा-तेरा वर्षं आर्ट डिपार्टमेंटला आहे, मूळचा अक्कलकोट रोडचा, आता कामामुळे मुंबईत. वरचं सगळं वाचून राहवलं नाही. ओली झालेली भेग हा शॉट मला कोणी दिला असता तर मी फुकट सेट लावला असता.

आता कामाचं. रानातली माती एकटी वापरू नका, खडे असतात, काटे असतात, तुटलेली काच निघते. चाळून घ्या. दाटपणासाठी बेन्टोनाइट आणा, बोअर मारणाऱ्यांकडे किंवा पायलिंगचं काम करणाऱ्यांकडे मिळतं. मास्तरांनी सांगितलं तेच खनिज त्यात असतं. शंभर लिटर पाण्याला पाच-सहा किलो, पण पावडर पाण्यात टाकायची थोडी थोडी आणि सतत ढवळत, नाहीतर गोळे होतात, आणि रात्रभर ठेवायचं. ह्याचा गुण असा की हलवलं की पातळ, थांबलं की दाट. ॲक्टर हात घालेल तेव्हा जाईल आणि हात काढला की खड्डा लगेच मिटणार नाही, सावकाश मिटेल. खड्डा किती वेळाने मिटतो ह्यावर सगळा खेळ आहे, प्रेक्षक तेच मोजतो, त्याला कळत नसलं तरी. वरून चाळलेली काळी माती आणि नर्सरीतलं कोकोपीट मिसळलं की रंग येतो आणि वजनही फार वाढत नाही. पापडी मात्र वेगळी करून आणावी लागेल, पत्र्यावर बोटभर जाड थर देऊन उन्हात ठेवा, सोलापूरच्या उन्हात दोन दिवसांत तडकते, मग तुकडे उचलून वर मांडा. पहिल्या टेकलाच मोडणार, म्हणून चार टेकचा साठा करून ठेवा.

गुडघे वाकवून खाली जाणं बंद. गुडघे वाकले की माणूस पुढे झुकतो आणि बसल्यासारखाच दिसतो, कितीही मोठा नट असो. खड्ड्यात लाकडी फळीचा पाट ठेवा, चार कोपऱ्यांना दोर, बाहेर दोन-दोन माणसं, आणि ॲक्टर त्यावर ताठ उभा. दोर एकदम सोडायचा नाही आणि एकसारखाही सोडायचा नाही. तो झटका देतो, चार बोटं खाली, मग थांबा, खूप थांबा, मग त्याने दुसरा पाय ओढला की एका बाजूचा दोर जास्त सोडा म्हणजे गाळपेर म्हणतात तसा वाकडा होईल. पाटावर पाय बांधायचे नाहीत, कधीच नाही, कितीही चांगला शॉट मिळत असला तरी नाही. त्याला वाटेल तेव्हा पाटावरून बाजूला पाऊल टाकून बाहेर येता आलं पाहिजे आणि खड्ड्याला शिडी लागलेली पाहिजे.

कपडे आधीच चिखलात बुडवून, पिळून, मग अंगावर. फुगा हवेमुळे होतो. शर्टाच्या खालच्या शिवणीत मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याची शिशाची गोळी शिवून टाका, वर येणार नाही.

आणि कन्टिन्यूइटी सांभाळा, इथे सगळे फसतात. ओला चिखल काळा, वाळला की राखेसारखा पांढुरका. मे महिन्यात तोंडावरचा चिखल दहा मिनिटांत वाळतो, क्लोजअपमध्ये गाल पांढरा आणि लाँग शॉटमध्ये काळा असं होतं. एक माणूस फक्त स्प्रेची बाटली आणि फोटो घेऊन उभा करा. पण हेच तुमच्या बाजूनेही वापरता येतं, कमरेच्या वर वाळत गेलेला चिखल दाखवला की प्रेक्षकाला घड्याळ दाखवावं लागत नाही, दुपार गेली हे कळतं.

लाइट वरून नको. डोक्यावर सूर्य असला की चिखल सपाट डांबरासारखा दिसतो. सकाळी आठच्या आत नाहीतर साडेपाचनंतर, उजेड बाजूने पडला की प्रत्येक पावलाची कड उठून दिसते.

परातीतला_आवाज

आवाजाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी साउंड करते, जास्त करून डॉक्युमेंटरी.

लोकेशनला खऱ्या चिखलाचा आवाज रेकॉर्ड केला तर निराशा होते, कारण तो फार बारीक असतो. गाळपेर काकांनी लिहिलंय की पाय जाताना आवाजच नव्हता, ते तसंच ठेवा. जाताना शांत आणि ओढताना आवाज. सगळे ह्याच्या उलट करतात, जाताना मोठा पचक्क आवाज टाकतात आणि ती कॉमेडी होते.

ओढण्याचा आवाज मी घरी करून बघितलाय. ज्वारीचं पीठ भाकरीला मळतो त्याच्यापेक्षा सैल कालवायचं, परातीत घ्यायचं, परातीखाली जाड टॉवेल घडी करून म्हणजे पत्रा वाजत नाही. तळवा पूर्ण दाबायचा, बोटांच्या फटीतून पीठ वर येईपर्यंत, आणि मग तळव्याची फक्त एक कड सावकाश उचलायची. हवा आत शिरते त्या क्षणी जो आवाज येतो तो तुमचा. गव्हाच्या कणकेने होत नाही, ती ताणली जाते, ज्वारीचं पीठ तुटतं, म्हणून त्याचा आवाज ओला येतो. दुसरा थर हवा असेल तर आपला सोलापुरी टॉवेल पातळ चिखलात भिजवून बादलीत पिळायचा, तो कपड्यांच्या आवाजाला छान चालतो.

आणि आवाज सुटण्याआधी थांबवा. म्हणजे हवा शिरायला लागल्याचा आवाज सुरू होतो आणि पूर्ण होत नाही, पाय परत बसतो. प्रेक्षकाचा कान तो आवाज पुरा व्हायची वाट बघतो आणि तो होत नाही. सहा मिनिटांत असं तीनदा करा, चौथ्यांदा करायची गरज पडणार नाही.

बाकी बॅकग्राउंडला संगीत नको, माझी कळकळीची विनंती. टिटवी, लांबून एखादी मोटार चालू असल्याचा आवाज आणि त्याचा श्वास. ती मोटार मधेच बंद झाली की कळेल की लाइट गेली आणि तिथला माणूस आता घरी जाणार. त्याच्यासाठी आता कोणी नाही.

सोलापूरचा_कॅमेरा

मंडळी, अकरा दिवसांनी येतोय कारण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

माती तीन दिवस भिजवली, बेन्टोनाइट घातलं, पापडी पत्र्यावर केली. पाटाला दोर लावले. पहिल्या टेकला दोर एकसारखा सुटला आणि लिफ्टमधनं उतरल्यासारखं दिसलं. चौथ्या टेकला डाव्या बाजूच्या पोरांचा हात चुकून थोडा जास्त सुटला, ॲक्टर खराच दचकला आणि त्यानं उजवा हात पुढं पापडीवर टेकवला. हाताखालचा तुकडा सावकाश तिरका झाला आणि त्याची बोटं भेगेत गेली. त्यानं बोटं बाहेर काढून बघितली. कोणीच काही बोललं नाही, मी कट म्हणायला विसरलो. तोच टेक ठेवला. ओरडणं काढून टाकलं. सीनच्या सुरुवातीला तो फक्त चप्पल शोधत असतो, एक मिनिट, त्याच्यावरच.

शेवट ओल्या भेगेवर. मोटारीचा आवाज बंद होतो तोपण ठेवलाय.

आईला दाखवलं. ती मधेच म्हणाली, अरे त्याला सांगा कुणीतरी आडवा हो म्हणून. तिला मी गाळपेरदादांचं काही सांगितलं नव्हतं, तिचं माहेर भीमेकाठचं.

आता एकच राहिलंय, दोन लाँग शॉट खऱ्या गाळावरच घ्यावे लागतील, तेवढा पसारा खड्ड्यात येत नाही. म्हैस पण तिथंच लागणार. काय काळजी घेऊ?

गाळपेर

पोराला गाळावर उभा करायचा असेल तर काठापासनं वीस पावलांच्या आतच, आन् आधी बांबू खुपसून बघायचा, दर पावलाला. बांबू हातभर सहज गेला की तिथं पाय नाही. दोन पाईप, दोन लांब फळ्या आणि मासेमारीवाल्यांचा थर्माकोलचा तराफा काठावर ठेवा, तराफ्यावर पोटानं सरकत जाता येतं. रुतलाच कोणी तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायचं नाही, सांधे निखळतात माणसाचे. आपल्यापैकी एक जण नुसता पाण्याकडं बघत बसेल, दुसरं काही काम त्याला द्यायचं नाही, आणि त्या दिवशी दौंडचा विसर्ग किती हाय ते सकाळी बघूनच निघायचं.

म्हैस काठावरच ठेवा. जनावर रुतलं की जेसीबीशिवाय निघत नाही, आन् जेसीबी गाळापर्यंत येत नाही. माझी हाय, गरीब हाय स्वभावानं, पाटी पुढं ठेवली की तासभर एका जागी उभी राहती. कधी येताय सांगा, फक्त गुरुवारी नको, त्या दिवशी आमच्याकडं लाइट दिवसा असती आन् मला पाणी धरायचं असतं.